दोन हद्दींतली माफी

शिरपूरच्या खालच्या गल्लीतल्या तानुबाई मांडे करायला बसल्या की बघणारी बाई हातातलं काम विसरायची. पुरण भरलेला गोळा त्या दोन्ही मुठींवर घ्यायच्या आणि बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा, इतका पातळ की पलीकडची चूल दिसावी. मग अलगद उपड्या खापरावर. घरात लग्न निघालं की लोक आधी भटजींना विचारायचे, मग तानुबाईंना. काही जण तर आधी तानुबाईंनाच. त्यांचं मागणं काही नसे. चुलीजवळचा मानाचा पाट आणि पहिला मांडा देवाला, एवढं झालं की त्या दिवसभर धगीपुढे हसत बसायच्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. गल्लीतल्या बायका बिजासनी देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या. देवी घाटात, मध्यप्रदेशात, शिरपूर महाराष्ट्रात, मध्ये नाका. तानुबाई त्या दिवशी घरीच होत्या. परतताना एसटीत गप्पा रंगल्या आणि त्यांची चुलत जाऊ सुंदरबाई, जिच्या जिभेला देवानं लगाम घालायचा राहून गेला होता, ती बोलून गेली की तानुअक्काचे मांडे हल्ली फाटतात आणि अक्का त्यांना गुपचूप ठिगळं लावते. सगळी बस हसली. कंडक्टर वनासुद्धा हसला. हसल्या नाहीत त्या फक्त वच्छलाबाई, कारण त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला, यंदा मांड्यांचं दुसरीकडे बघतोय.

आठवडाभरात तानुबाई ‘ठिगळवाली’ झाल्या. नळावर बाया त्यांना बघून पदराआड खुदखुदायच्या. तानुबाईंनी देवापुढे दिवा लावला, धुवट लुगडं नेसलं आणि थेट शालिग्रामनाना वकिलांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अब्रूनुकसानीचा दावा लावायचा म्हणाल्या.

वकिलांनी विचारलं, बोलली कुठे? बसमध्ये. बस कुठे होती? इथं सगळं अडलं. साक्षीदार बोलावले. एकीला खिडकीतून माकडं दिसत होती, म्हणजे घाट, म्हणजे मध्यप्रदेश. दुसरी म्हणाली, गाडी तेव्हा नाक्यावर उभी होती. तिसरीला झोप लागली होती, पण महाराष्ट्र लागल्याशिवाय आपल्याला झोप येतच नाही, असं ती शपथेवर सांगायला तयार होती. वनाला विचारलं तर तो म्हणाला, मी हसलो तेवढं आठवतं. तिकडून सुंदरबाईंनी कळवलं, मी बोलले ते मध्यप्रदेशात, इथल्या कोर्टाला काय करायचंय? त्यावर तानुबाई म्हणाल्या, मग येताना जीभ नाक्यावर जमा करून यायची होती.

वकिलांनी चष्मा पुसत समजावलं. कायदा दोन्ही राज्यांत एकच. आणि चालत्या गाडीतला गुन्हा, गाडी ज्या ज्या हद्दीतून गेली त्यातल्या कुठल्याही कोर्टात चालतो. “पण तानुबाई, समोरचा वकील नुसत्या हद्दीवर भांडत बसला ना, तर वच्छलाबाईंच्या लेकीला लेकरू होईल आणि त्याचंही लग्न लागून जाईल. आपसात मिटवा. अशा खटल्यात तशी मुभा आहे.”

तानुबाई ओट्यावर जरा पुढे सरकल्या.

“नाना, दोन्ही हद्दीत चालतं म्हणता?”

“चालतं.”

“मंग माफीबी तिला दोन्ही हद्दीत मागू द्या. त्याच बसमध्ये, त्याच बायांसमोर.”

नाना इतके हसले की आतून त्यांची बायको पाणी घेऊन धावत आली. निरोप गेला. कोर्टाचं नाव ऐकल्यापासून सुंदरबाईंना भाकर गोड लागत नव्हती. त्या लगेच कबूल झाल्या.

पुढच्या मंगळवारी सगळ्या पुन्हा देवीला गेल्या. तानुबाईंनी ओटी भरली, परतीच्या गाडीत पहिल्याच बाकावर बसल्या. गाडी हलली तशा सुंदरबाई उभ्या राहिल्या.

“अक्का, मी खोटं बोलनी. तुन्हा मांडा फाटतस नही.”

“जोरमा बोल वं,” मागून वच्छलाबाई म्हणाल्या, “आठे ऐकू येस नही.”

मागचं बोलणं नेमकं कुठे झालं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मधे थांबायची सोय नव्हती. सुंदरबाईंनी मांडे गायले, पुरण गायलं, खापर गायलं. नाक्यावर तपासायला शिपाई चढला, त्यानं विचारलं, काय गडबड आहे? वना म्हणाला, “माफी चालू शे साहेब. मध्यप्रदेशनी सरनी, आते महाराष्ट्रनी.” शिपाई तपासणी सोडून दाराशीच ऐकत उभा राहिला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा कुठे उतरला.

मांडे संपले, वाट उरली. मग तानुअक्काची रांगोळी झाली, तिच्या म्हशीचं दूध झालं, तिच्या हातचं लोणचं झालं. शेवटी सुंदरबाई म्हणाल्या, अक्का घोरते तीसुद्धा भजनासारखी. परके उतारूसुद्धा टाळ्या पिटू लागले. तानुबाईंनी तोंडात पदर कोंबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“पुरे कर वं आते,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मी हसी हसी मरी जासू.”

पण शिरपूर येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं होतं, आणि सुंदरबाई थांबल्या नाहीत.

शिरपूरच्या स्टँडवर वच्छलाबाई पुढे आल्या, तानुबाईंचा हात धरून सगळ्यांदेखत म्हणाल्या, “चुलीजवळचा पाट तुमचाच, अक्का. या बरं का.”

तानुबाईंनी आधी घाटाच्या दिशेला हात जोडले. मग म्हणाल्या, “येईन. पण पुरण वाटायला सुंदर पाहिजे.”

सगळ्यांनी सुंदरबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज पार बसला होता. त्यांनी जोरजोरात मान डोलावली.