कोंडीरामची रविवारची हजेरी

चाकणच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसशॉपमधून कोंडीराम दोन वर्षांपूर्वी घरी बसला, पण बसणं काही त्याला जमलं नाही. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेलं. मधली तीन बोटं प्रेसखाली गेली, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर त्याचे जुने सुपरवायझर साहेबराव यांच्या नादानं त्यानं हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन काढलं, एक जुना सेट घेतला. आता दर रविवारी सकाळी सातला आसपासच्या वीसेक रेडिओवाल्यांची हजेरी सेटवरून तोच घ्यायचा.

अडचण एकच. बोलायचं बटण दाबून माइक धरायचा तो डाव्या हातानं आणि लिहायचं तेही डाव्याच हातानं. माइक ठेवून पेन उचलेपर्यंत दोन नावं निसटायची. मग तो चिडून अंगणात येरझारा घालायचा.

माण गावातल्या आयटी कंपनीत असलेली त्याची लेक अंजली शनिवारी आपला कॉम्प्युटरचा जुना हेडसेट घेऊन आली. कोंडीरामनं दुपारी वायरी जोडल्या आणि साहेबरावांना रेडिओवर हाक दिली. त्यांचा फोन आला, "सेट चालू झालेला कळतोय, पण आवाज न्हाई राव."

त्यानं सोडून जोडलं, जोडून सोडलं. चहा गार झाला. शेवटी साहेबरावांनीच उलगडा केला. कॉम्प्युटरच्या माइकला थोडी वीज लागते. कॉम्प्युटर ती देतो, हा जुना रेडिओ देत नाही. कोंडीरामनं टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल काढून रेझिस्टरमधून माइकला जोडले, आणि ती वीज रेडिओत शिरू नये म्हणून मध्ये कपॅसिटर घातला. अंगठा-करंगळीच्या चिमटीत वायर धरून डाव्या हातानं सोल्डरचा डाग दिला. आता आवाज गेला.

"बोलायचं बटण पायाखाली घ्या, अण्णा," म्हणत अंजलीनं पिशवीतून लोखंडी पेडल काढून टेबलाखाली ठेवलं.

कोंडीराम उठून बाहेर गेला. पार रस्त्यापर्यंत जाऊन परत आला, खुर्चीत टेकला, पुन्हा उठला.

"प्रेस पायानंच चालायची, अंजू," तो म्हणाला. "हात आत व्हता आन् पाय पडला. माझाच."

इतकं त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं. अंजली पेडल उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

रविवारी सातला त्यानं पेडल दाबलं आणि दोन्ही हात आपोआप पोटाशी आले. पेन खाली पडलं. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच.

"काय गडबड हाय का?" साहेबरावांनी रेडिओवर विचारलं.

"हाय. चालू द्या."

वीसपैकी सतरा नावं कागदावर उतरली. हजेरी संपल्यावर त्यानं सेट बंद केला, पण पाय काढला नाही. पेडल दाबायचा, हात कुठं जातो ते बघायचा, पुन्हा कागदावर आणून ठेवायचा. अंजलीनं नाश्त्याला दोनदा हाक मारली.

"आलो," तो म्हणाला आणि पुन्हा दाबलं.