भीमाकाठची सावड

"मधेच फोन करून गाडी मागवलीस, तर सायकल विकायची. गिऱ्हाईक तयार आहे," कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातच ह्यांनी बजावलं. मागच्या वर्षी पडून माझा उजवा गुडघा दुखावला, तेव्हापासून घरात हा वाद. "मंजूर!" म्हणत मी टांग मारली. वय बावन्न. भीमेपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी सायकलवरच परत यायचं, एवढंच ठरवलं होतं.

वाघोलीपर्यंत नुसता धूर आणि हॉर्न. पुढे एका फाट्याला मोठा रस्ता सोडला आणि जीव निवला. पौषातलं कोवळं ऊन, उसाचे मळे, हुरड्याला आलेली ज्वारी. नदीचं पाणी बघत मी बराच वेळ बसले. गुडघा शहाण्यासारखा वागत होता.

परतीला वळले आणि फुस्स! बाभळीचा काटा. पंक्चरचं सामान? घरी, चपलांच्या कपाटावर. धन्य माझी!

शेजारच्या शेतात दहा-बारा बायका कांद्याची रोपं लावत होत्या. "इथे पंक्चर कोण काढतं हो?" मी विचारलं.

"त्यो काय, गेनूभाऊ. आज आमच्यातच हाय," शेताची मालकीण कौसाबाई म्हणाली. गेनूभाऊ दारं धरत होते (पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडत होते). सोडून आले असते तर वाफे फुटले असते.

"लागण उरकली की काढतो," ते लांबूनच ओरडले. "तवर जेवा की, ताई!"

बांधावर बसून भाकरी, वांग्याचं कालवण आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाल्ला. काय चव होती! हात धुतले आणि पुणेरी गाढवपणा केला. पाकीट उघडलं.

कौसाबाईचा चेहरा पडला. "आवो, सावड हाय ही. हितं कुणीच पैसं घेत न्हाय."

सावड म्हणजे मजुरी न घेता आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात राबायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग मीही लावते," म्हणून वाफ्यात उतरले.

पण गुडघा दुमडेल तर शपथ! शेवटी चिखलातच फतकल मारली आणि बसल्या बसल्या सरकत रोपं खोचू लागले. बायका हसून हसून बेजार. "म्हशीवानी बसलाय की वो!" दोन वाफे लावेपर्यंत माझी कंबर गेली. मंडईत मी एकेक कांदा उलटापालटा करून निवडते, नाकं मुरडते. खरंच लाज वाटली.

पंक्चर निघालं. निरोप घेताना कौसाबाई म्हणाली, "चैतात काढणी हाय. आता तुमी बी सावडीत हायसा. यायचं बरं का."

"येते. सायकलवरच येते," मी शब्द दिला.

वाघोलीला गुडघ्यानं दगा दिला. पायडल फिरेना. अर्धा तास रस्त्याकडेला बसून राहिले, मग डोळे पुसले आणि फोन केला. हे आले, चाक काढून सायकल डिकीत घातली आणि गाडी घराकडे वळवली.

येरवड्याच्या सिग्नलला मीच सगळं सांगून टाकलं. "हरले मी. विका सायकल." बोलताना रडूच आलं.

ह्यांनी माझ्या चिखलानं माखलेल्या कपड्यांकडे एकदा पाहिलं. "काढणी कधी म्हणालीस?"

"चैत्रात."

"सायकलवर येते असं सांगून आलीस?"

"हो."

"मग गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवतो. आणि पंक्चरचं सामान मी स्वतः बांधून देणार आहे. तुझ्यावर काडीचा भरवसा नाही."