नलूताईंची दुखण्याची वही

नलूताईंना 'बरी आहे' हे उत्तर चालत नसे. लंडनच्या हाउन्सलो भागात आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहायच्या. कुंपणापलीकडून "कशी आहेस?" विचारायच्या, आणि मी सवयीने "बरी आहे" म्हटलं, की कपडे वाळत घालणं थांबवून म्हणायच्या, "बरी म्हणजे कुठे बरी? मान? गुडघा? झोप? नीट सांग." एका विमा कंपनीत गाडीच्या अपघातांतले दुखापतीचे दावे तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्या, तरी तपासणी चालूच होती. मी उलट विचारलं, तर "मला काय धाड भरलीय!" म्हणून टाळायच्या.

मग तो अपघात झाला. गाडी मंदार, माझा नवरा, चालवत होता. ओल्या वळणावर ती घसरली आणि माझ्या बाजूने झाडावर आदळली. त्याला खरचटलंही नाही. माझं उजवं मनगट सुजलं होतं, पण त्याचा पांढराफटक चेहरा बघून मी डॉक्टरांना हसून सांगितलं, "आय ॲम फाइन."

आठवड्याभरात बोटं बधिर व्हायला लागली. कीबोर्डवर हात ठरेना. माझ्या नोकरीवरच आमचा दोघांचा व्हिसा होता. पण त्याहून मोठी भीती हाताची होती. कायमचा गेला तर? रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी बोटं हलवून बघायची. मंदारला मात्र काही सांगत नव्हते.

नलूताईंनी मला डाव्या हाताने चहा ओतताना पाहिलं आणि सगळं बाहेर काढलं.

"क्लेम का नाही केलास?"

"कुणावर करू? चूक मंदारची. नवऱ्यावर करू?"

"नवऱ्यावर नाही गं, त्याच्या इन्शुरन्सवर! तू पॅसेंजर, तुझी काय चूक? पॉलिसीत पर्सनल ॲक्सिडेंट कव्हरही असतं, ते चूक कुणाची हे विचारतसुद्धा नाही. पण हात नाहीतर डोळा कायमचा गेला तरच ते पैसे देतं. तिथवर जायचंच नाही आपल्याला. तुला फिजिओ हवाय, आत्ता. क्लेम चालू असतानाच कंपनी तो खर्च उचलू शकते, पण मागावा लागतो."

"पण मी डॉक्टरांना फाइन म्हटलंय."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आपल्या बायकांच्या कागदांवर आयुष्यभर हेच वाचलं मी. हाड मोडलंय, आणि फाइन. मग कंपनीने दुसरं काय वाचायचं?"

त्यांनी मला एक वही दिली. रोज काय दुखलं, काय जमलं नाही, कशाची भीती वाटली, ते तारखेसह लिहायचं. "घाबर, खुशाल घाबर," म्हणाल्या, "पण लिहून घाबर." दुसऱ्या दिवशी मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि मी खरं बोलेपर्यंत शेजारी गप्प बसून राहिल्या. पुढे कंपनीने विचारलंच, की पहिल्या दिवशी फाइन कसं? डाव्या हाताने लिहिलेली ती वाकडीतिकडी पानं आम्ही पाठवली. फिजिओ मंजूर झाला. उजव्या हाताने पहिल्यांदा शर्टाचं बटण लावलं, तेव्हा मी कुंपणाशी जाऊन रडले.

गेल्या हिवाळ्यात नलूताई गेल्या. पोटाचा कॅन्सर, फार उशिरा कळलेला. घर आवरायला लीड्सहून आलेल्या त्यांच्या भाचीने माझ्या हातात एक वही ठेवली, माझ्या वहीसारखीच. नलूताईंच्या अक्षरात कितीतरी महिन्यांच्या नोंदी होत्या. कुठे दुखलं, किती वेळ दुखलं, तारखेसह. डॉक्टरांचं नाव कुठेच नव्हतं.

एका पानावर लिहिलं होतं : "सकाळपासून पोटात कळा. अन्न जात नाही. फार भीती वाटते. शेजारच्या पोरीने विचारलं, कशा आहात. मला काय धाड भरलीय म्हटलं. ती हसली."

मी खरंच हसले होते.