कमी आलं

मी शिकवते त्या शाळेचे गणवेश दोघी बहिणी शिवत. एकाच खोलीत दोन मशिनं, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. मोठीला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशी आणि जिभेनेही तशीच. धाकटी रीळ, कारण बोलायला लागली की उलगडतच जायची.

खिडकीला त्यांनी खाकी कागद चिकटवला होता. ऊन लागलं की टाचणीच्या नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टे उठत, बोटांचे सांधे सुजत. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय गं, आज लाली जास्त झाली?"

"फुकट मिळते हो. दारात उभं राहायचं, की झालं," टाचणी म्हणाली.

आजाराचं नाव ल्युपस, हे मोठ्या दवाखान्यात कळलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. टाचणीने विचारलं, "शेजारच्या बाकावरच्या बाईलाही हाच आजार, ती हसत घरी जाते, मग मलाच एवढा जोराचा का?"

"रक्तात काही खुणा असतात. काही जन्मापासूनच्या, आईवडिलांकडून आलेल्या. काही आजाराबरोबर वरखाली होणाऱ्या. त्यांवरून आजार किती जोर धरेल, मूत्रपिंडांवर येईल का, याचा अंदाज बांधतो आम्ही."

"खुणा आम्हीही करतो, खडूने. जिथे खूण तिथे कात्री."

"इथे खूण असली तरी कात्री लागेलच असं नाही. पण नजर ठेवायची, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत."

टाचणीने गोळ्या नेमाने घेतल्या. त्यांनी तिचे गाल फुगले. "आता टाचणी नाही, टाचण्यांची उशी म्हणा," असं तीच सांगत सुटली. पण खोलीतला आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या आईला साखरेचा आजार होता. बोटाला सुई टोचून रीळ आकडा वाचायची आणि ओरडायची, "कमी आलं!" मग तिघी हसत. त्या दिवशी आईच्या चहात चमचाभर साखर पडे. आई गेली, पण हे शब्द घरात राहिले. 'कमी आलं' म्हणजे बरं झालं, याची त्या घरात कुणाला शंकाच नव्हती.

शाळा उघडायच्या तोंडावर टाचणीची रक्ततपासणी झाली. रिपोर्ट रिळेच्या मोबाइलवर आला. "ताई, कमी आलं! सी-थ्री, सी-फोर, दोन्ही कमी! बाण बघ, खाली तोंड करून आहेत."

टाचणीने पायडलवरचा पाय काढला. "खरंच?"

"मी कधी खोटं वाचलंय?"

त्या दिवसापासून टाचणी गोळी अर्धी करून घेऊ लागली. दवाखान्यातून फोन आला तो रिळेने घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पेशंटचं कमी आलंय, लवकर दाखवून जा."

"माहितीये हो, कमी आलंय! गणवेश उरकले की येतोच," रीळ आनंदाने म्हणाली.

गालांची सूज उतरली. आरसा सरळ झाला. मग पाय सुजू लागले. दिवसभर बसून सुजत असतील, असं दोघींनी ठरवलं. शेवटचे गणवेश इस्त्री होऊन गेले आणि टाचणीला चार पावलांत धाप लागली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "सी-थ्री, सी-फोर ही रक्तातली प्रथिनं, ती चांगली असतात. आजार जोरात असला की ती खर्ची पडतात, म्हणून आकडा उतरतो. इथे कमी म्हणजे वाईट. गोळ्या कोणी कमी केल्या?"

रिळेने तोंड उघडलं.

"मीच," टाचणी म्हणाली. "गाल फुगत होते. नटायची हौस, दुसरं काय!"

मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिस सुरू झालं. एकदा रिळेने तिच्या पलंगाशी बसून विचारलं, "ताई, तू मला बोलू का दिलं नाहीस?"

"तू सुरू झाली असतीस तर बाईंना घरी जायला मिळालं असतं का?" मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "बरं वाटावं म्हणूनच वाचलंस ना? मलाही तेच ऐकायचं होतं."

शाळा पुन्हा उघडायच्या आधीच टाचणी गेली. अंगात झुंजायची ताकद उरली नव्हती; साधा ताप निमित्ताला पुरला.

डॉक्टरीणबाईंनी सख्खी बहीण म्हणून रिळेचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. रिपोर्ट आणायला मी तिच्याबरोबर गेले. आता ती फारसं बोलत नाही. वाटेत मीच काहीबाही बोलत होते.

खिडकीतल्या माणसाने कागद पुढे सरकवला. तिने विचारलं, "यात कमी चांगलं का जास्त?"

"कशाचं कसं, ते डॉक्टर सांगतील. तुम्ही आकडे वाचा की, वर लिहिलेत."

"नको," रीळ म्हणाली.

कागद तिने मांडीवर पालथा ठेवला, त्यावर दोन्ही हात दाबून धरले आणि नाव पुकारेपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या बंद दाराकडे बघत बसली.