मामाचा अमेरिकी डाव

माझा मामा जहाजावर स्वयंपाकी होता. एका सुट्टीत त्याने अमेरिकेहून चामड्याचा चेंडू आणला. पपईसारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मला तो हवा होता, आणि माझ्या तोंडावर ते इतकं उघड दिसत असावं, की मामाने लगेच अट घातली. तिकडची पोरं खेळतात तो एक डाव तो आम्हाला शिकवणार. जहाजावर परतण्यापूर्वी आम्ही तो शेजारच्या बोळिंज गावच्या पोरांवर एकदा चालवून दाखवला, तर चेंडू आमचा. नाहीतर त्यांचा.

डाव ऐकायला फार गोड. चेंडू बगलेत घेऊन मी आडवं पळायचं. चुलतभाऊ माझ्या बाहेरच्या बाजूने, एक पाऊल मागे. समोरचा टोकाचा गडी माझ्यावर आला, तर चेंडू भावाकडे टाकायचा. भावावर गेला, तर मीच घेऊन त्यांची हद्द गाठायची. बिचाऱ्याने काहीही ठरवलं तरी तो चुकणारच! मी इतका हरखलो, की दुधी भोपळा घेऊन पडवीभर आडवा पळत सुटलो. शेवटी आईने तो काढून घेतला, कारण तिला भाजी करायची होती.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही उतरलो. मी पळालो, नजर टोकाच्या गड्यावर. तो काही ठरवेना. कशाला ठरवेल? त्याने शेजारच्याचा हात धरला होता. कबड्डीची साखळी! एक माझ्या बाजूने आला, दुसरा भावाच्या, आणि आमची दोघांची मिळून एक पेंढी बांधली गेली. मामाने हात सोडायला लावले. पुढच्या खेपेला ते पुन्हा जुळले. रोज संध्याकाळी तेच. मी त्यांच्या कप्तानाला विनवलं, की बाबा, एकट्याने काय ते ठरव, सगळा डाव त्यावर आहे.

"आमी दोगं मिळून ठरवतो ना," तो म्हणाला.

मामा निघायच्या आदल्या दिवशी त्याची पेटी बांधून झाली होती. त्या दिवशी त्याने टोकाच्या दोघांच्या आतल्या हातात एकेक करवंटी दिली. आता धरा हात!

मी पळालो. टोकाचा गडी एकटा माझ्यावर आला. मी चेंडू टाकला, भावाने तो झेलला. समोर मोकळं शेत, पलीकडे त्यांची हद्द. वाटेत आडव्या आलेल्या एकाच्या खांद्याला त्याने हात लावला, दुसऱ्याच्या पाठीला लावला, आणि गर्रकन वळून जिवाच्या आकांताने आमच्याकडे परत पळत आला. आमची रेघ ओलांडून त्याने हात वर केला.

"दोन बाद."

आणि ते दोघं मान खाली घालून, निमूटपणे बांधावर जाऊन बसले!

मामाने चेंडू बोळिंजच्या कप्तानाच्या हातात ठेवला. चेंडू शेतातून दूर जाताना मी बघत राहिलो. मग भावाला विचारलं, की मेल्या, परत कशाला आलास?

"मग काय तिकडेच राहू?" तो धापा टाकत म्हणाला. "माझा दम संपत आला होता."