डावीकडे इंग्रजी, उजवीकडे बडे पापा

क्लासमध्ये सर फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे उलटसुलट केलेले अर्थ, आणि आम्ही रेघा ओढून त्यांची लग्नं लावायची. बँकेच्या परीक्षेला असे शब्द येतात म्हणून बुऱ्हाणपूरची अर्धी तरुण पिढी संध्याकाळी हाच उद्योग करते. त्यात अर्थ असायचे शुद्ध हिंदीत. मितव्ययी, मिथ्याभिमानी, दृढ़प्रतिज्ञ. म्हणजे एका न कळणाऱ्या शब्दाचं उत्तर दुसरा न कळणारा शब्द.

शेवटी मी मनातल्या मनात तिसरा रकाना आखला आणि त्यात घरची माणसं बसवली. गॅर्युलस म्हणजे देडतलाईची आत्या, जी चपला काढायच्या आत अख्ख्या गावाची बातमी देऊन मोकळी होते. फॅस्टिडियस, म्हणजे चोखंदळ, ती आई; तिला लांबून बघूनच भाजीवाला हातगाडी दुसऱ्या गल्लीत वळवतो. टॅसिटर्न, म्हणजे अबोल, ते बाबा, पण फक्त मोठ्या भावासमोर. आणि ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, ते हे मोठे भाऊ, आमचे बडे पापा. या पद्धतीने माझा एकही शब्द चुकत नव्हता.

बडे पापांवर माझा राग होताच. मला इंदूरला वर्षभर राहून तयारी करायची होती. इथे राहिलीस तर नुसत्या रेघा ओढत बसशील, असं सरांनी सांगितलेलं. पण आमच्या घरात कोण कुठे जाणार ते बडे पापा ठरवतात, आणि ते ‘नाही’ म्हणाले होते. ती काळ्या दगडावरची रेघ. मी तरी रोज विचारायचे, आणि ते रोज पेपर उघडायचे.

एकदा ओट्यावर बसून मोठ्याने पाठांतर चाललं होतं. “ऑब्स्टिनेट, बडे पापा. ऑब्स्टिनेट, बडे पापा.” मागून बडे पापांचा आवाज आला, “म्हंजे काय वं?”

माझं धाबं दणाणलं. मी शेजारच्या ओळीतला अर्थ उचलून दिला. “दृढ़प्रतिज्ञ. म्हणजे एकदा ठरवलं की करणारा माणूस.”

ते इतके खूश झाले की मला त्यांची दयाच आली. दुसऱ्याच दिवसापासून आमच्या दापोऱ्याच्या बागेतली केळी घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना ते सांगू लागले, “देखो भाई, मैं ऑब्स्टिनेट आदमी हूँ.” व्यापारी माना डोलवायचे. त्यांना शब्द कळत नव्हता, पण भाव करताना अनुभव भरपूर आला होता.

मग सर स्वतःच घरी आले, माझ्यासाठी रदबदली करायला. बडे पापांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, “सर, पहले ही बता दूँ, मैं बहुत ऑब्स्टिनेट आदमी हूँ.”

सर बिचारे सरळमार्गी. “जी, बिटिया ने बताया था.”

“क्या बताया था?”

“यही, कि आप ज़रा हठी हैं. अपनी ही चलाते हैं.”

स्वयंपाकघरात मी चहाचं भांडं धरून उभी होते. इंदूर गेलं, हे मला तिथेच कळलं. नुसतं इंदूरच नाही, बहुतेक क्लासही गेला. बडे पापांनी हाक मारली तेव्हा मला रडू येत होतं, आणि सरांचा गळाही दाबावासा वाटत होता.

“हे नाव तूनं ठेवलं मले?”

“हो.”

“बरं. मी इंदूरले नाही किती डाव म्हनलो?”

“एकदाच.”

“एक डाव म्हनलो अन् गप बसलो. अन् तू? सकाळी इचारते, जेवताना इचारते, पेपर वाचू देत नाही. आता तं मास्तर घिऊन आली. मंग हटेली कोन?”

मी कपबशा त्यांच्यापुढे ठेवल्या. ते सरांकडे वळले. “सर, इसकी जोड़ी ग़लत है. नंबर काटो.”

सरांनी खरंच मान हलवली. कोपऱ्यात बसलेले बाबा छताकडे बघत होते. बडे पापांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाय इंदूरले. एका घरात असे दोन नाही मावत.”