हळदीकुंकवाला केलेलं सर्च

वेबसाइट सर्चमध्ये वर आणणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. अंधेरीच्या ऑफिसात मी लोकांना सांगते, नीट मजकूर लिहा, फोटो हलके ठेवा, धीर धरा. हे सगळं खरं असतं आणि कुणालाच आवडत नाही. लोकांना आडवाट हवी असते. आईच्या मसाल्यासाठी मलाही हवी होती.

बाबा निवृत्त झाल्यावर आई घरून मालवणी मसाला विकायला लागली. मी हौसेने तिला वेबसाइट करून दिली. मुलुंडमध्ये घरगुती मालवणी मसाला शोधला की आमची दुसरी यायची आणि पहिली काकूची. काकू म्हणजे समोरच्या इमारतीतली आईची मैत्रीण. दोघी लग्न होऊन लालबागच्या एकाच चाळीत आल्या, पुढे मागोमाग मुलुंडला आल्या. आईला मसाला शिकवला तो काकूनेच. मिरच्या भाजताना कधी थांबायचं हे काकूच्या नाकाला कळतं, म्हणून आई अजूनही तिला बोलावून घेते.

काकूचा नवरा गावचं घर सांभाळतो, मुलगा परदेशात. त्याने जाण्याआधी तिला एक साधी वेबसाइट करून दिली होती. एक फोटो आणि खाली फोन नंबर, बस. गिऱ्हाइकांचे फोन यायचे आणि काकू अर्धा अर्धा तास बोलत बसायची. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याला मसाला किती घालायचा, सोड्यांना किती. मसाल्यापेक्षा गप्पाच जास्त विकते, अशी आम्ही तिची थट्टा करायचो. एकट्या बाईला त्या फोनांचाच आधार आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

सर्चमधला आमचा दुसरा नंबर आईला ठाऊकही नव्हता. खुपत होता तो मला. मसाल्याला कीड लागू नये म्हणून हिंगाचे खडे कसे ठेवायचे यावर मी एक लेख लिहिला. आमच्या कोकणवासी मंडळाच्या पानावर लिंक टाकून घेतली. नंबर काही हलला नाही. तेवढ्यात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं.

घरात वीसेक बायका आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये मोबाइल. आई आत वाणं लावत होती, तेवढ्यात मी बायकांना सांगितलं, वाण घेण्याआधी एक काम करायचं. मसाला सर्च करा, पहिली वेबसाइट उघडून लगेच बंद करा, मग आपली उघडा आणि तिळगूळ संपेपर्यंत वाचत बसा. पहिली लोकांना आवडत नाही, दुसरी आवडते, असं सर्चच्या मशीनला वाटायला हवं. घरी गेल्यावरही रोज करा. याने खरंच किती फरक पडतो यावर आमच्या धंद्यात अजून भांडणं होतात, पण बायकांना मजा आली. पहिली कुणाची हे कुणी पाहिलंच नाही. तिथे थांबायचं नाही, हेच तर मी सांगितलं होतं.

काकू नेहमी उशिरा येते. ती यायच्या आत उरकायचं, असं मी ठरवलं होतं. नेमकी त्या दिवशी ती लवकर आली.

"काय करतास गो सगळ्या? माका पण दाखव," म्हणत तिने फोन पुढे केला. मी सर्च करून दिलं. तिने चष्मा लावला.

"पयली माझीच मा गो?"

"हो."

"बंद करू?"

वीस बायका बघत होत्या. त्यांच्यासमोर आता काय सांगणार, असं वाटलं आणि मी हो म्हणाले. काकूने बंद केली. मग आमची उघडली आणि हिंगाच्या खड्यांवरचा लेख शेवटपर्यंत वाचला.

मार्चपर्यंत आम्ही पहिल्या आलो. काकूची दुसऱ्या पानावर गेली. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, कौतुकही करून घेतलं.

मे महिन्यात आईने मिरच्या भाजायला काढल्या आणि काकूला बोलावलं. दुपारभर तिचा फोन ओट्यावर पडून होता.

"काय गं, आज एकही फोन नाही तुझा?" आईने विचारलं.

"आता नाय येत," काकू म्हणाली आणि मिरच्या उतरवायला सांगितल्या.

काहीतरी दुरुस्त करता येईल म्हणून मी तिचा फोन मागून घेतला आणि सर्च केलं. आमची पहिली. तिची शोधायला मी खाली खाली जात राहिले.

"आजचा झाला माझा करून," काकू म्हणाली. "सकाळी चाय पिताना माझी बंद करतंय, मगे तुमची उघडतंय. एक दिवस चुकवूक नाय. तूच सांगितलंस मा, रोज करूचा."

आई कालथा धरून माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बरं म्हणाले आणि फोन ओट्यावर ठेवून दिला.

तिला थांब म्हणायचं, तर का थांबायचं ते सांगावं लागेल. ते मी अजून सांगितलेलं नाही.